अढी

हाइन म्हणाला, आमच्याकडे एक शब्द आहे : व्रॉक.
चहाच्या कागदी कपावर त्यानं तो लिहून दाखवला.
खिडकीबाहेर हिद्दचा समुद्र, निवलेल्या पेजेसारखा,
आणि त्याचा ड्रेजर, तळाचा गाळ ओढत.
(पहिली दोन वर्षं मी या गावाला हद्द म्हणायची.
कुणी सुधारलं नाही.)

म्हणजे राग?
नाही. राग येतो, जातो.
मग सूड?
सूड त्याचा सख्खा भाऊ. पण तो घराबाहेर पडतो,
काम उरकून येतो. हा घरातच बसून असतो.
आणखी एक भावंड आहे, म्हणाला,
आणि सोनारच्या पडद्यावर एक काळी आकृती दाखवली,
बुडालेलं गलबत.
त्यालाही आम्ही जवळपास असंच काही म्हणतो.
वरून दिसत नाही. जाताना वळसा घ्यावा लागतो.

मी मनात धुंडाळत राहिले.
व्र-नं सुरू होणारे माझ्याकडे दोनच निघाले :
व्रण.
आणि व्रत.

आपण काय करतो, राग धरतो, आकस ठेवतो.
डूख साप धरतो.
हे लोक म्हणे व्रॉकला ऊब देतात.
कोंबडी पिल्लांना पंखाखाली घेते, तसलं क्रियापद.

अकरा वर्षं झाली.
पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत होता, तासाभरात सोडवला.
उजूला सांगितलं होतं, थांबा, निघालेय मी.
साडेतीन तास विमान, मग रात्रभर गाडी.
विमानतळावर रांगेत होते तेव्हा फोन आला,
तिचा नाही, शेजारच्या पोराचा :
"ताई, आत्ताच आलो सगळे आंघोळी करून."
मे महिना होता, उजू म्हणे. थांबण्यासारखं नव्हतं.
बर्फ मिळतो राजापुरात.
तो बोर्डिंग पास अजून पाकिटात आहे.
शाई पार उडालीय. घडी तेवढी राहिलीय.

परवा इब्राहिम मुकादम सुट्टीवरून आला,
दारात एक खोका ठेवला.
"तुमच्या बहिणीनं एस्टी स्टँडवर आणून दिला."
काही म्हणाली?
"नीट धरा, म्हणाली. मला."
आत हापूस. दोन डझन. दगडासारखे हिरवे,
आणि पेंढा, ज्याचा वास अडिवऱ्याचा.

इथे रात्रंदिवस एसी. थंडीत आंबा पिकत नाही, आंबतो.
मी मागच्या खोलीचा एसी बंद केला.
बाहेर चव्वेचाळीस.
पलंगाखाली पोतं पसरलं, त्यावर पेंढा,
एक थर, पेंढा, एक थर.
आई सांगायची, सारखं उघडून बघू नका, ऊब जाते.
आणि आईच सांगायची, बघत जा गं,
एक नासका निघाला तर शेजारचे घेऊन जातो.
दोन्ही कसं करायचं, ते तिनं कधी सांगितलं नाही.

गुडघे टेकून, पलंगाखाली हात खुपसलेला असताना
मला शब्द सापडला.
इतकी वर्षं दोन ठिकाणी वापरत होते,
कधी शेजारी ठेवून पाहिला नव्हता.

सहाव्या दिवशी हाइनसाठी एक नेला.
बेसिनवर वाकून खाल्ला त्यानं, कोपरापर्यंत ओघळ.
मी म्हटलं, अढी. पेंढ्यातली, आणि मनातली.
त्याला ढ जमेना. अडी, म्हणाला, आडी.
मग बाठ चोखत विचारलं, दुसरीला किती दिवस लागतात?
आणि स्वतःच गप्प झाला.
त्याचाही कुणी असेल, त्याच्या पाणथळ गावात. मी विचारलं नाही.

तेवीस चांगले निघाले. एक गेला.
उजूला मी फोन केलेला नाही.
मुकादमला फक्त विचारलं,
डिसेंबरात जाशील तेव्हा तिचा खोका परत नेशील?
तो हो म्हणाला आणि तिथेच फसले :
आलेलं भांडं रिकामं पाठवायचं नसतं आपल्यात.

अर्धा तास झाला, मुहर्रकच्या दुकानात
खजुरांच्या फळीसमोर उभी आहे.
खलास, मेदजूल, बिया काढलेले, बदाम भरलेले.
उजूला खजूर आवडतो का,
काही केल्या आठवत नाही.